पूर्वकिनाऱ्यावरचा सूर्यास्त

सूर्यास्त पाहावयाचा तर समुद्रकाठी जावे, ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की तिची फेरतपासणी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. जुहूची चौपाटी असो, मुरुडची पुळण असो वा गणपतीपुळ्याचा किनारा असो. सायंकाळ झाली की माणसे पाण्याकडे तोंड करून बसतात आणि ते तांबडे बिंब पाण्यास टेकेपर्यंत उठत नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर वाढलेल्या माणसास समुद्र आणि मावळतीची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानी येण्यास एखादा प्रवासच घडावा लागतो.

अशा माणसास चेन्नईचा प्रवास घडतो. तो बहुधा टी. नगरमध्ये उतरतो. कांजीवरम साड्यांची दुकाने, पाँडी बाजार, रंगनाथन रस्त्यावरील गर्दी हे सारे दोन दिवसांत आटोपले की तिसऱ्या दिवशी मामल्लपुरमची, म्हणजे आपण ज्यास महाबलीपुरम म्हणतो त्या गावची एकदिवसाची सहल ठरते. सकाळी मोटार येते, सोबत मार्गदर्शक असतो, साठ किलोमीटरांच्या आतला रस्ता, वाटेत दोनचार ठिकाणे, आणि शेवटी समुद्र. सायंकाळी मंडळी वाळूत बसतात, समुद्राकडे पाहतात आणि सूर्य शोधू लागतात. सूर्य त्यांच्या पाठीमागे, घरांच्या आणि ताडांच्या आड केव्हाच उतरलेला असतो. ‘येथे काही सूर्यास्त दिसला नाही’ एवढा शेरा मारून ती परत फिरतात. सहल फुकट गेली असे नव्हे. पण त्या किनाऱ्याची सायंकाळ त्यांनी पाहिलीच नाही, हे मात्र खरे. ती कशी पाहावी, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

जगात अशा सहलींना तोटा नाही. कॅरिबियन समुद्रात जमैका नावाचे बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरील माँटेगो बे या शहरात उतरलेले प्रवासी दीड-दोन तासांचा प्रवास करून निग्रिल येथे जातात, दिवसभर तेथील लांबलचक पुळणीवर हिंडतात आणि सायंकाळी कड्यावर बसून सूर्यास्त पाहून परततात. निग्रिलच्या सूर्यास्ताची कीर्ती मोठी. परंतु त्या कीर्तीचे मूळ भूगोलात आहे. निग्रिल हे जमैकाचे अगदी पश्चिम टोक, तेथे मावळतीस पाण्यावाचून दुसरे काही नाही. गमतीची गोष्ट अशी की निग्रिल आणि आपले मुरुड-जंजिरा ही दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, आणि दोहोंसमोर पश्चिमेस समुद्र आहे. म्हणजे निग्रिलला दूरदूरहून प्रवासी ज्यासाठी येतात, ते मुरुडच्या कोळ्यास रोज घरबसल्या दिसते.

चेन्नईची गोष्ट नेमकी उलट. कोरोमंडल किनारा पूर्वेस तोंड करून उभा आहे. येथे सूर्य समुद्रातून वर येतो आणि जमिनीवर मावळतो. शिवाय चेन्नई मुंबईच्या पूर्वेस साडेसात अंशांच्या आसपास असल्यामुळे, घड्याळ एकच असूनही, तेथे दिवस आधी संपतो. मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत, दिवसरात्र सारखी असताना, हा फरक अर्ध्या तासाचा असतो. जूनच्या अखेरीस मुंबईत सूर्य सव्वासातनंतर मावळतो, तर चेन्नईत साडेसहा वाजून थोडी मिनिटे होताच. डिसेंबरात हेच अंतर वीस मिनिटांच्या आत येते. मुंबईच्या सवयीने ‘साडेसहापर्यंत किनाऱ्यावर पोहोचू’ असे म्हणणारा प्रवासी मामल्लपुरमला पोहोचतो तो बहुतेक अंधारात. तेव्हा पहिली गोष्ट ही की निघण्यापूर्वी त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ पंचांगात पाहून घ्यावी.

दुसरी गोष्ट दिशेची. पूर्वकिनाऱ्यावर पाण्यात सूर्यास्त दिसतच नाही असे नाही. पण ते पाणी समुद्राचे नसते, तर किनाऱ्याच्या आत, पश्चिमेस पसरलेल्या तळ्यांचे, खाड्यांचे आणि दलदलींचे असते. या मुलखात तलाव खणण्याची आणि पावसाचे पाणी बांधाने अडवण्याची परंपरा फार जुनी. खुद्द टी. नगर हेच या गोष्टीचे उदाहरण आहे. आज जेथे या वसतीचे रस्ते आहेत, तेथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ‘लाँग टँक’ नावाचा विस्तीर्ण तलाव होता. जुन्या मद्रासचा तो पश्चिमेकडील पाणपट्टा. इ. स. १९२३ पासून तो आटवून तेथे नवी वसाहत आखण्यात आली आणि तिला जस्टिस पक्षाच्या संस्थापकांपैकी एक असलेले सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव देण्यात आले. त्यागराय नगर, म्हणजेच आजचे टी. नगर. मध्यभागी असलेले पानगल उद्यान हे त्या काळी मद्रास इलाख्याचे मुख्य प्रधान असलेल्या पानगलच्या राजांचे स्मारक. तलाव गेला, परंतु पश्चिम मांबळममधील ‘लेक व्ह्यू रोड’ आणि नुंगंबाक्कममधील ‘लेक एरिया’ ही नावे अजून राहिली आहेत. या रस्त्यावरून आज तळे दिसत नाही, पण नाव ठेवणाऱ्यास ते दिसत होते. डिसेंबर २०१५ च्या महापुरात पश्चिम मांबळमच्या गल्ल्यांतून पाणी शिरले, तेव्हा आपली जुनी जागा पाणी विसरत नाही, हेही लोकांच्या प्रत्ययास आले.

म्हणून टी. नगरहून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाने वाटेत डावीकडे समुद्र पाहावा, तसेच उजवीकडेही पाहावे. शहराच्या दक्षिणेस पळ्ळिकरणै ही मोठी पाणथळ आहे. इमारती आणि कचरा यांनी तिचा पुष्कळ भाग गिळला असला, तरी उरलेल्या भागाचे महत्त्व ओळखून २०२२ मध्ये तिला रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत स्थान मिळाले. पुढे मुट्टुकाडू येथे पूर्वकिनारा मार्ग एका खाडीवरील पुलावरून जातो. येथे भूगोलाचा धडा एका दृष्टिक्षेपात मिळतो: डाव्या हातास खाडीचे मुख आणि बंगालचा उपसागर, उजव्या हातास शांत, उथळ, रुंद पाणी. कोकणातल्या माणसास हवा असलेला सूर्यास्त, पाण्यावर लांबच लांब सोनेरी पट्टा उमटवणारा, तो या उजव्या हाताच्या पाण्यावर दिसतो. तेथे तमिळनाडू पर्यटन विकास मंडळाचे नौकागृह आहे. त्याची बंद होण्याची वेळ मात्र आधी विचारून घ्यावी.

मामल्लपुरमलाच सायंकाळ घालवावयाची असेल, तर दिवसाची आखणी उजेडाच्या दिशेने करावी. पल्लव राजांनी सातव्या आणि आठव्या शतकांत हे नगर घडवले. पहिल्या नरसिंहवर्म्याची ‘मामल्ल’, म्हणजे महामल्ल, ही पदवी गावाच्या नावात आहे. गावाच्या मध्यातून समुद्राला समांतर अशी एक खडकाळ टेकडी दक्षिणोत्तर गेली आहे. तिच्या पूर्वेकडील अंगावर ‘अर्जुनाची तपश्चर्या’ म्हणून ओळखले जाणारे प्रचंड शिल्प कोरलेले आहे. काही अभ्यासक त्यास गंगावतरण मानतात. ते पूर्वाभिमुख असल्यामुळे त्यावर ऊन पडते ते सकाळी. दुपारनंतर टेकडीची सावली त्यावर येते आणि हत्तींच्या अंगावरील गोलाई, तपस्व्याच्या उंचावलेल्या हातांची रेषा ही सपाट दिसू लागते. तेव्हा हे शिल्प नऊ-दहाच्या आत पाहावे.

दुपारच्या उन्हाची वेळ वाटेवरील वडनेम्मेली येथील मगरींच्या संवर्धन केंद्रात, झाडांच्या सावलीत काढावी. रोम्युलस व झाई व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेले हे केंद्र. तेथेच इरुळा जमातीच्या सर्पमित्रांची सहकारी संस्था सापांचे विष काढते आणि त्या विषापासून पुढे सर्पदंशावरील लस तयार होते. या इरुळांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

सागरतीरावरील मंदिर दुपार कलल्यावर पाहावे. दुसरा नरसिंहवर्मा, ज्यास राजसिंह म्हणत, त्याच्या काळातले हे देवालय. याची रचना मोठी अर्थपूर्ण आहे. त्यात शिवाची दोन गर्भगृहे आहेत. मोठे पूर्वाभिमुख, समुद्राकडे पाहणारे, आणि लहान पश्चिमाभिमुख, गावाकडे पाहणारे. दोहोंच्या मध्ये शेषशायी विष्णू. उगवत्या सूर्याचा उजेड एका दाराशी येतो आणि मावळत्याचा दुसऱ्या. शिल्पकारांच्या मनात काय होते हे शास्त्रग्रंथांच्या अभ्यासकांनी सांगावे. पण पूर्वकिनाऱ्यावर राहणाऱ्यांना दोन्ही दिशांचे भान होते, एवढे कोणासही दिसते.

आता प्रत्यक्ष सूर्यास्त. त्यासाठी टेकडी चढावी. दीपगृहाजवळ, ओलक्कणेश्वर नावाच्या जुन्या देवळापाशी उभे राहिले की दोन्ही बाजू मोकळ्या दिसतात. पूर्वेस समुद्र, पश्चिमेस सखल जमीन, झाडी आणि किनाऱ्यास समांतर गेलेला बकिंगहॅम कालवा. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात अन्न मिळवण्यासाठी हजारो माणसांनी त्याच्या खोदकामावर कष्ट केले होते. सूर्य या सखल भागापलीकडे उतरतो. चेन्नईच्या अक्षांशावर तो तिरपा न जाता बराचसा सरळ खाली येतो, त्यामुळे बिंब क्षितिजास टेकल्यापासून पुरते नाहीसे होण्यास दोन मिनिटांहून किंचितच अधिक वेळ लागतो. आणि येथे एक नवल ध्यानात घेण्यासारखे आहे. हवेच्या थरांतून येताना प्रकाशकिरण वाकतात. क्षितिजापाशी हे वाकणे सूर्यबिंबाच्या व्यासाहून थोडे अधिकच असते. म्हणजे बिंबाची खालची कड क्षितिजास टेकलेली आपणांस दिसते, त्या क्षणी खरा सूर्य संपूर्ण क्षितिजाखाली गेलेला असतो. आपण निरोप देत असतो तो त्याच्या प्रतिमेस.

सूर्य दिसेनासा झाला की लोक उठतात. पूर्वकिनाऱ्यावर हीच चूक होते. त्या क्षणी उठावे खरे, पण ते पाठ फिरवून समुद्राकडे पाहण्यासाठी.

आकाश निरभ्र असेल तर सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात पूर्वेस, समुद्राच्या क्षितिजालगत, एक निळसर करडा पट्टा दिसू लागतो. पाहणाऱ्यास वाटते, दूर कोठे ढग आला आहे किंवा पाण्यावर धुके साचले आहे. परंतु तो ढग नव्हे. त्याची वरची कड पाहता पाहता चढत जाते. आणि त्या कडेच्या वर गुलाबी रंगाची एक रुंद झालर क्षितिजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली असते. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. आपल्या ज्योतिषग्रंथांत तिला भूच्छाया म्हटले आहे.

हे कसे घडते ते पाहू. सूर्य पश्चिमेस क्षितिजाखाली गेला की पृथ्वीच्या गोल अंगाची सावली पूर्वेकडील हवेवर पडते. ज्या हवेस सूर्याचे किरण थेट पोहोचत नाहीत, ती काळसर निळी दिसते. त्या सावलीच्या वर असलेल्या हवेस अजून ऊन मिळत असते. परंतु ते ऊन वातावरणातून शेकडो मैल तिरपे आलेले असते. वाटेत त्यातील निळा प्रकाश विखरून जातो, उरतो तो तांबूस. तोच पूर्वेकडील हवेवर पडून आपल्याकडे परत फिरतो, म्हणून झालर गुलाबी. युरोपीय लोक तिला व्हीनस देवीचा कमरपट्टा म्हणतात. शुक्राच्या ग्रहाशी तिचा काही संबंध नाही. सूर्य जसजसा खाली जातो तसतशी सावली वर चढते. पंधरा-वीस मिनिटांत तिची कड पुसट होत जाते आणि ती रात्रीत मिसळते. आपण ज्यास ‘अंधार पडला’ म्हणतो, तो खरे पाहता पडत नाही, पूर्वेकडून उगवतो.

ही सावली आकाशात थांबत नाही. तिचा निमुळता होत जाणारा शंकू पृथ्वीच्या पाठीमागे सुमारे १४ लाख किलोमीटरपर्यंत पसरलेला असतो. चंद्राचे अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर. तेव्हा चंद्र कधीकधी त्या शंकूत शिरतो, आणि चंद्रग्रहण होते. राहूने चंद्र गिळला असे लोक मानीत होते त्या काळी, इ. स. ४९९ मध्ये, आर्यभटाने आपल्या ग्रंथात चंद्रास झाकणारी ही पृथ्वीची छाया असल्याचे लिहून ठेवले. ग्रहण वर्षातून एखाददुसऱ्या वेळी दिसते. तीच छाया मामल्लपुरमच्या समुद्रावर, आकाश स्वच्छ असेल त्या प्रत्येक सायंकाळी दिसते, आणि तीही फुकट.

ती नेमकी सूर्याच्या समोर उगवते. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे झुकून मावळतो, तेव्हा छायेचा मध्य ईशान्येकडे असतो. जूनमध्ये तो आग्नेयेकडे सरकतो. ऋतू निवडावयाचा तर जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. कोकणात पाऊस जूनमध्ये येतो, येथे त्याचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर; वादळेही त्याच महिन्यांत. तो संपला की हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते.

आणि तिथी निवडता आली, तर पौर्णिमा निवडावी. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरासमोर असतो, म्हणून सूर्य मावळण्याच्या सुमारास तो उगवतो. पश्चिम किनाऱ्यावर त्याचा उदय डोंगरांवर, घरांवर होतो. येथे तो थेट समुद्रातून वर येतो. आदल्या दिवशी, चतुर्दशीस, तो सुमारे पाऊण तास आधी उगवलेला असतो आणि सूर्यास्तानंतर त्या गुलाबी झालरीतच तरंगताना दिसतो. माघी पौर्णिमेच्या सुमारास, मघा नक्षत्रावर, तमिळनाडूत मासी मघम्‌ हा सण होतो. त्या वेळी ठिकठिकाणचे इरुळा लोक मामल्लपुरमच्या वाळूवर एकत्र येतात, साड्यांचे आडोसे उभारून राहतात, कन्निअम्मा या आपल्या देवतेची पूजा करतात, आणि पहाटे समुद्रकाठी कित्येक लग्नेही लागतात. पूर्वेचा समुद्र, उगवता चंद्र आणि उगवता सूर्य यांचे मोल कोणा प्रवाशाने त्यांस शिकवलेले नाही.

आता एक इशारा, जो कोणत्याही सौंदर्याहून अधिक महत्त्वाचा. या किनाऱ्याचा समुद्र पोहण्याचा नाही. लाटा काठाशीच फुटतात, तळ एकदम उतरता होतो, आणि परतणाऱ्या पाण्याची ओढ धष्टपुष्ट माणसाचेही पाय काढते. येथील वाळू सदैव प्रवासात असते. १८७६ मध्ये मद्रास बंदराचे धक्के बांधावयास घेतले, तेव्हा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारी वाळू त्यांपाशी अडली. दक्षिणेस मरीनाची पुळण रुंदावत गेली आणि उत्तरेस रोयापुरमकडील किनारा समुद्राने खाल्ला. ज्या पाण्यात एवढे बळ आहे, त्यात घोट्यापलीकडे जाऊ नये. बेझंट नगरच्या इलियट्स बीचवर एक पांढरी कमान उभी आहे. ती श्मिट या डॅनिश माणसाची. बुडणाऱ्यांस वाचवताना १९३० च्या डिसेंबरात त्याचा अंत झाला. दुसऱ्यांस वाचवावयास धावणाऱ्याची ही गत, तेथे सहलीस आलेल्या मुलाबाळांची काय कथा! तसेच २६ डिसेंबर २००४ ची सकाळ हा किनारा विसरलेला नाही. समुद्र एकाएकी दूर मागे हटला, तर शिंपले वेचावयास न धावता उंच जागी पळावे, हा धडा त्या त्सुनामीने फार मोठी किंमत घेऊन दिला.

सहलीच्या मार्गदर्शकास यासाठी तीन गोष्टी आधीच विचाराव्यात. सूर्यास्ताच्या वेळी आपण कोठे असणार? टेकडी आणि दीपगृह किती वाजता बंद होते? परतीची मोटार सूर्यास्तानंतर निदान अर्धा तास थांबेल काय? पुष्कळशा सहलींचे वेळापत्रक शहरातली गर्दी टाळण्यासाठी आखलेले असते आणि नेमका हाच अर्धा तास त्यात कापला जातो. टेकडीवरून लवकर उतरावे लागले तरी चिंता नाही. दहा-बारा मिनिटांत किनारा गाठता येतो, आणि भूच्छाया तेथूनही तितकीच स्पष्ट दिसते.

ज्यांस चेन्नईस जाण्याचा योग नाही, त्यांनीही निराश होऊ नये. पश्चिम किनाऱ्यावर हाच देखावा उलट क्रमाने घडतो. सूर्योदयापूर्वीच्या वीस मिनिटांत जुहूस, अलिबागेस किंवा हर्णैस समुद्राकडे तोंड करून उभे राहावे. तोच करडा पट्टा आणि तीच गुलाबी झालर पश्चिमेस दिसते. मात्र तेथे सावली चढत नाही, ती हळूहळू अरबी समुद्रात उतरते, आणि ती पुरती बुडाली की आपल्या पाठीमागे सह्याद्रीवर सूर्य उगवतो.